भाट विकायच्या आधी मेडिकल करून घ्या

"ताई, आम्ही पेडणे तालुक्यातले. मुलगी १९ वर्षांची, बारावी सायन्स झाली, सध्या म्हापशाला एका संस्थेत एअर होस्टेसचा कोर्स करते. फी १ लाख ४० हजार. अर्धी भरली, उरलेली येत्या १५ तारखेला भरायची आहे. संस्थेवाले सांगतात, लागल्या लागल्या ६० हजार पगार. माझ्या बहिणीचा मुलगा दोन वर्षांपूर्वी पायलट म्हणून लागला. गणपतीच्या चवथीला आला होता तेव्हा त्यानं पगाराचा आकडा सांगितला आणि माझी झोप उडाली. माझ्या मुलीला दहा वर्षं झाली तरी तेवढे मिळायचे नाहीत म्हणे. दोघंही एकाच विमानात चढणार, एकाच हॉटेलात उतरणार, विमान पडलं तर दोघंही पडणार. मग एवढा फरक का? ती मुलगी म्हणून का? मोपाला विमानतळ झाल्यापासून आमच्या काजूच्या भाटाला, म्हणजे बागेला, गिऱ्हाईक येतंय. ते विकून तिला पायलटच करावं का? घरात यावरून रोज वाद होतात."
– एक वडील, पेडणे

भाऊ, नमस्कार.

तुमचं पत्र वाचलं आणि माळ्यावरची ट्रंक खाली काढली. केबिन क्रूत, म्हणजे एअर होस्टेस म्हणून, मी तेरा वर्षं काढली. त्या तेरा वर्षांच्या पगाराच्या पावत्या अजून जपून ठेवल्यात. कशाला, ते आमच्या घरातही कुणाला कळत नाही. त्यातली एक आता पुढ्यात घेऊन बसलेय, कारण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिच्यावरच छापलेलं आहे.

पहिल्या दोन ओळी मूळ पगार आणि घरभाडं. हे दर महिन्याला ठरलेलं. त्याखाली फ्लाइंग अलाउन्स, म्हणजे जितके तास उडालात त्याचे पैसे. मग लेओव्हर, म्हणजे परगावी मुक्काम पडला तर त्या रात्रीचा भत्ता. आणि तळाला विमानात विकलेल्या सँडविच-नूडल्सवरचं कमिशन. त्या महिन्यात ते ४१२ रुपये होतं. बाहेरचा माणूस एकूण रक्कम बघतो. आम्ही मुली आधी फ्लाइंगची ओळ बघायचो, कारण हातात पडणाऱ्या पैशांतला मोठा वाटा तिथून यायचा आणि तीच ओळ दर महिन्याला वरखाली व्हायची. आजारी पडलं, ओळ बारीक. स्टँडबायवर घरी बसवून ठेवलं, ओळ बारीक. मला दिवस गेले तेव्हा नियमाप्रमाणं माझं उडणं बंद झालं, आणि ती ओळच पावतीवरून गेली.

म्हणून "६० हजार" ऐकलंत की आधी विचारायचं, त्यातले ठरलेले किती आणि उडाल्यावरचे किती? आपल्याकडच्या कंपन्यांत नव्या मुलीच्या हातात ढोबळमानानं ३० ते ४५ हजार पडतात. साठ अशक्य नाही, पण ते तास भरपूर मिळाले आणि चार वर्षं मुरली की. शिवाय बेस, म्हणजे नोकरीचा तळ, गोव्यातच मिळेल असं नाही. मुंबईचा मिळाला तर मरोळ-अंधेरीला चौघींनी मिळून फ्लॅट घ्यायचा आणि पगारातला चांगला तिसरा हिस्सा घरमालकाला द्यायचा, हे धरून चाला. तुमच्या भाच्यानं मात्र फुगवून सांगितलं नसेल. फर्स्ट ऑफिसरला, म्हणजे को-पायलटला, सुरुवातीलाच दीड-दोन लाख मिळतात, आणि कॅप्टन झाला की पाच-सहा लाखांच्या पुढे.

आता हा "तास" कसा मोजतात ते सांगते, कारण यातच सगळी मेख आहे. उभ्या विमानाच्या चाकांना ठोकळे लावलेले असतात. ते काढून विमान हललं की घड्याळ सुरू. आम्ही त्याला चॉक्स ऑफ म्हणतो. पोचल्यावर ठोकळे परत लागले की घड्याळ बंद. पहाटे पावणेतीनचा पिकअप, ब्रीफिंग, विमानात चढून ऑक्सिजनच्या बाटल्या आणि आग विझवायची नळकांडी तपासणं, १८० माणसं त्यांच्या बॅगांसकट जागच्या जागी बसवणं, सगळं घड्याळाच्या बाहेर. विमान उतरल्यावर पुढच्या फ्लाइटआधीची जी तीस मिनिटं मिळतात त्यात सीटच्या खिशांतले केळ्यांच्या साली आणि डायपर बाहेर काढणं, तेही बाहेर.

एका जानेवारीत दिल्लीला धुकं होतं. माणसं बसलेली, दारं लागलेली, ठोकळे मात्र चाकांखालीच. साडेतीन तास! आधी पाणी संपलं, मग बिस्किटं. चौदाव्या रांगेतल्या एका आजोबांची साखर उतरली, त्यांना दरदरून घाम फुटला. त्यांना कॉकपिटसाठी राखून ठेवलेला ज्यूस पाजला आणि पाऊण तास त्यांच्याजवळ उकिडवी बसून राहिले. एका सुटाबुटातल्या गृहस्थानं माझ्या अंगावर वर्तमानपत्र भिरकावलं, जणू धुकं मीच सोडलं होतं. शेवटी विमान निघालं आणि अडीच तासांनी गोव्यात दाबोळीला टेकलं. पावतीवर अडीच तास. आधीच्या साडेतीन तासांचे शून्य. कंपनीचं नाव घेत नाही.

हे रडगाणं आपल्याकडचंच नाही. अमेरिकेत डेल्टानं २०२२ मध्ये प्रवासी चढवायच्या वेळेचे पैसे द्यायला सुरुवात केली, तेही तासाच्या दराच्या निम्म्यानं, आणि तिथल्या मोठ्या कंपन्यांत असं करणारी ती पहिली. ऑगस्ट २०२५ मध्ये एअर कॅनडाचे दहा हजारांवर केबिन क्रू संपावर गेले. जमिनीवरच्या कामाचे पैसे द्या, ही त्यांची मोठी मागणी होती.

तुम्ही म्हणाल, पायलटचं घड्याळही चॉक्सवरच चालतं ना? चालतं. पण त्याच्या करारात महिन्याच्या ठरावीक तासांची हमी असते, विमान उडो न उडो. आणि त्याचा एक तास म्हणजे आमचे कितीतरी तास. धुक्याच्या त्या दिवशी कॅप्टनही आमच्यासारखाच साडेतीन तास अडकून होता. त्याला त्याचं काही वाटलं नाही, मला वाटलं.

हा फरक का, याचं खरं उत्तर मला नोकरी सोडताना कळलं. माझ्या करारात नोटीस होती एक महिन्याची. पायलटांसाठी डीजीसीएनं, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्यानं, २०१७ मध्ये नियम केला आहे की कॅप्टननं नोकरी सोडायची तर एक वर्ष आधी सांगायचं, को-पायलटनं सहा महिने. बघा हं, सरकार स्वतः कागदावर लिहून देतंय की हा माणूस उद्या गेला तर विमान उभं राहील. माझ्या जागी दुसरी मुलगी उभी करायला तीन महिन्यांचं ट्रेनिंग पुरतं, आणि मुलाखतीच्या रांगेत मुली पहाटे पाचपासून उभ्या असतात. कॅप्टन तीन महिन्यांत तयार होत नाही. नुसतं कमर्शियल लायसन्स हातात पडायला २०० तासांचं उड्डाण लागतं, आणि कॅप्टनच्या सीटसाठी जे वरचं लायसन्स लागतं त्याला १५०० तास. कंपनी पैसे मोजते ते या अडवणुकीचे. तुमच्या मुलीची मेहनत कमी पडते म्हणून तिला कमी मिळत नाही.

आपल्याकडे हे नवीन आहे का? एकाच वाड्यावरचे दोघं एकाच बोटीवर जायचे, एक इंजिनीअर म्हणून, एक स्टुअर्ड म्हणून. दोघांची पत्रं एकाच पोस्टमननं आणली, मनीऑर्डरी मात्र सारख्या कधीच नव्हत्या. तिथंही मधे उभा होता तो लायसन्सचा कागदच.

"विमान पडलं तर दोघंही पडणार" हे तुमचं वाक्य मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. तीन महिन्यांच्या ट्रेनिंगमध्ये चहा-कॉफी देणं दोन-तीन दिवसांत आटपतं. बाकी सगळं आग, धूर, पाणी, हृदय बंद पडलेला माणूस आणि दारं. विमानाला परवानगी मिळतानाच ते बनवणाऱ्या कंपनीला दाखवावं लागतं की निम्मी दारं बंद असताना भरलेलं विमान ९० सेकंदांत रिकामं होतं. २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचं विमान उतरता उतरता दुसऱ्या विमानावर आदळून पेटलं. आतली इंटरकॉम बंद पडली, आठपैकी तीनच दारं कामाची राहिली. केबिन क्रूनं भोंग्यावरून ओरडून, कुठलं दार उघडायचं आणि कुठलं नाही हे खिडकीतून बघून ठरवत, ३७९ च्या ३७९ माणसं बाहेर काढली. कोणतं दार उघडू नये हे ठरवायला किती अक्कल लागते, ते मला माहीत आहे. पगार ठरवणाऱ्यांना नाही, किंवा असूनही उपयोग नाही, कारण नियम एवढंच सांगतो की दर ५० सीटमागे एक क्रू हवा. १८० सीटला चार. पाचवी ठेवायची गरज नाही, आणि चौघींना किती द्यायचं त्यावर नियम गप्प.

ती मुलगी म्हणून का, असंही तुम्ही विचारलंय. थोडं हो. हे कामच सुरुवातीपासून "लग्न होईपर्यंत करायची नोकरी" म्हणून बेतलेलं होतं. १९३० साली अमेरिकेत पहिल्यांदा बायका घेतल्या त्या नर्स होत्या, अविवाहित होत्या. आपल्याकडे एअर इंडियात लागल्यापासून चार वर्षांच्या आत लग्न केलं तर नोकरी गेली, पहिल्यांदा दिवस गेले तर नोकरी गेली, नाहीतर पस्तिशीला घरी, असा नियम होता. गरोदरपणाची अट सुप्रीम कोर्टानं १९८१ साली रद्द केली, लग्नाची मात्र तेव्हा ठेवलीच. जिथं माणूस टिकूच द्यायचा नाही तिथं पगार कसा चढणार? पण कॉकपिटच्या दाराच्या आत गेलात की हा प्रश्न उरत नाही. तिथं पगार सीनिऑरिटीवर आणि विमानाच्या प्रकारावर ठरतो, बाई आहे की बुवा यावर नाही. आणि पायलटांमध्ये बायकांचं प्रमाण जगात सर्वांत जास्त आपल्याच देशात आहे, साधारण १५ टक्के. तेव्हा लेकीला पायलट करायचा विचार वेडगळ अजिबात नाही.

वेडगळ आहे ती घाई. भाच्यानं पगार सांगितला, हप्ता सांगितला का? देशात लायसन्सला ५० लाखांच्या आसपास लागतात. त्यावर एअरबससारखं एक विशिष्ट विमान चालवायचं टाइप रेटिंग, आणखी १५-२० लाख. कंपन्यांच्या कॅडेट योजनेतून, म्हणजे कंपनी स्वतःसाठी पायलट घडवते त्या वाटेनं, गेलात तर खर्च कोटीच्या घरात. ६० लाखांचं कर्ज साडेदहा टक्क्यांनी दहा वर्षांसाठी घेतलं तर महिन्याचा हप्ता ८१ हजार बसतो. दोन लाखांतून तो वजा करा, मग माझ्या-तुमच्या ओळखीचा आकडा दिसायला लागेल. आणि लायसन्स हातात पडलं की लगेच नोकरी, असंही नसतं. लायसन्स घेऊन वर्ष-दोन वर्षं घरी बसलेली मुलं मी बघितली आहेत. नोकरी लागली तरी कंपनी टिकेल याची हमी कुणी देत नाही. २०१९ मध्ये जेट एअरवेज बंद पडली, २०२३ मध्ये गो फर्स्ट. दोन्ही वेळा कॅप्टन आणि केबिन क्रू एकाच दिवशी रस्त्यावर आले. तिथं मात्र समानता होती.

तेव्हा भाटाचं नाव इतक्यात काढू नका. गिऱ्हाईक खरं असेल तर दोन-तीन महिने थांबेल. तेवढ्यात काही हजार रुपयांत होणाऱ्या गोष्टी करून टाका. आधी तिची बारावीची मार्कलिस्ट काढा. फिजिक्सबरोबर गणित आहे ना? पायलटला दोन्ही लागतात. डॉक्टरकीच्या आशेनं मुली गणित सोडून जीवशास्त्र घेतात आणि इथं येऊन अडतात. तसं असेल तर मुक्त विद्यालयातून नुसता गणिताचा पेपर देता येतो. मग मेडिकल. डीजीसीएच्या यादीतल्या डॉक्टरकडे आधी क्लास टू ही प्राथमिक तपासणी, आणि ती पास झाली की पैशाला हात लावायच्या आधी क्लास वन ही जास्त कडक तपासणी. डोळे, कान, ईसीजी, रक्त, सगळं बघतात. चष्मा चालतो. रंग नीट ओळखता येत नसतील तर तिथंच थांबावं लागतं. माझ्या बॅचमधल्या एकीच्या भावाचं घर गहाण पडलं, पहिले तीस तास उडून झाले, आणि मग कळलं की त्याच्या कानात दोष आहे. तो आज विमा विकतो. चांगला विकतो, पण घर गेलं ते गेलंच.

मेडिकल झालं की तिला पेपर देऊ द्या. हवाई नियम, नेव्हिगेशन, हवामानशास्त्र, टेक्निकल, प्रत्येकात ७० टक्के हवेत. हे पेपर एक तासही न उडता, घरी अभ्यास करून देता येतात. दोन पेपर निघाले तर ती झेपवेल हे तुम्हालाही कळेल आणि बँकेलाही सांगता येईल. कंटाळली तर तुमचे पुस्तकांचे पैसे गेले, भाट नाही. त्यानंतर उत्तर प्रदेशात फुरसतगंजला केंद्र सरकारची अकादमी आहे तिची प्रवेशपरीक्षा, किंवा बारामतीसारख्या ठिकाणच्या शाळा. तेव्हाही भाट विकण्यापेक्षा ते बँकेकडे तारण ठेवता येतं का, ते आधी विचारा. माझं मत विचाराल तर मी भाट विकणार नाही, पण मी फोंड्याची, आमच्याकडे जमिनीवरून माणसं जरा हळवीच.

आणि पायलट नकोच म्हणाली तर? हे लिहावं लागतंय, कारण तुमच्या पत्रात भाचा आहे, संस्था आहे, गिऱ्हाईक आहे, लेक काय म्हणते ते एका ओळीतही नाही. मला स्वतःला विमान चालवायचं नव्हतं. मला माणसं आवडायची, आणि वीस वर्षांची असताना फोंड्यातून निघून पहिल्यांदा एकटीनं कोलकात्याच्या हॉटेलच्या खिडकीतून ट्राम बघितली, ते मी कुठल्याच पगाराच्या ओळीत मांडू शकत नाही. तिला केबिनच हवं असेल तर दोन वाटा सांगते. मोपालाच तळ असलेली फ्लाय नाइन्टीवन ही विमान कंपनी आहे, एटीआर ही पंख्यांची छोटी विमानं चालवते. कंपनी लहान, पण बेस घरचा मिळाला तर रात्री स्वतःच्या उशीवर डोकं. दुसरी वाट, इथं दोन वर्षं अनुभव घेऊन एकविसाव्या वर्षी आखाताकडे बघायचं. दुबईची एमिरेट्स नव्या क्रूला महिन्याला सरासरी दहा हजार दिरहमच्या आसपास देते, वर राहायची जागा कंपनीची. म्हणजे सव्वादोन लाखांच्या वर, आपल्याकडच्या नव्या फर्स्ट ऑफिसरएवढे. तिथंही पायलटला अर्थात जास्तच मिळतं, पण तुमची झोप उडाली ती त्या फरकापायी की मुलीच्या हातात कमी पडेल या भीतीपायी, ते एकदा ठरवा. टाचा उंचावून तिचा हात २१२ सेंटिमीटरपर्यंत पोचतो का, ते आजच दाराच्या चौकटीवर पेन्सिलनं खूण करून बघा. तिथं लागतं.

राहता राहिली १५ तारीख. तो हप्ता भरू नका. विमान कंपन्यांना या संस्थांचा डिप्लोमा लागत नाही. बारावी, वय १८ पूर्ण, साधारण १५५ सेंटिमीटर उंची, नीट बोलता येणं आणि मेडिकल, एवढ्यावर त्या घेतात आणि ट्रेनिंग स्वतः देतात. मुलाखतीच्या तारखा कंपन्यांच्या स्वतःच्या वेबसाइटवर येतात, अर्जाला पैसे पडत नाहीत. जो "आतून करून देतो" म्हणून पैसे मागेल त्याला दारातूनच परत पाठवा. संस्थेत जाऊन "नोकरीची हमी" कागदावर सही-शिक्क्यानिशी मागा, आणि त्याच कागदावर ६० हजारांपैकी मूळ पगार किती तेही लिहून मागा. देत नाहीत म्हणाले तर पहिल्या हप्त्याची पावती, जाहिरातीचा फोटो आणि व्हॉट्सॲपवरचे त्यांचे मेसेज जपून ठेवा. ग्राहक आयोगात तेच लागतात.